सतरा चुकांचा कॅमेरा

वेलांटीरावांचे खरे नाव छापखान्याच्या पगारपत्रकापलीकडे कुठेच चालत नव्हते. एकदा भर छपाईत ते आग लागल्यासारखे यंत्रापाशी धावत गेले आणि ओरडले, "थांबवा! तिसऱ्या ओळीत वेलांटी पहिली पडलीये, दुसरी हवी!" तोवर आठ हजार प्रती निघून गेल्या होत्या. मालकांनी कपाळाला हात लावला, यंत्रवाल्याने यांच्या पूर्वजांची आठवण काढली, आणि त्या दिवसापासून हे वेलांटीराव झाले. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली तरी औषधाच्या बाटलीवरचा मजकूर ते पेन्सिल घेऊनच वाचत. औषध प्यायचे कधीकधी राहून जाई.

तर अशा माणसाला कॅमेरा घ्यायचा होता. हौस म्हणून नव्हे. बाईंनी फोटो मागितला होता.

बाई म्हणजे छापखान्यातल्या त्यांच्या जोडीदार. प्रूफ तपासणे हे दोघांचे काम. एकाने मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रुफावर पेन्सिल फिरवत ऐकायचे. बाई वाचायच्या, हे ऐकायचे. वाचायच्या म्हणजे विरामचिन्हांसकट: "तो म्हणाला स्वल्पविराम अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम." नियम एकच. समोर जे आहे तेच वाचायचे, जे असायला हवे ते नाही. लेखकाने 'पानी' लिहिले असेल तर 'पानी'च वाचायचे आणि पेन्सिलीने टेबलावर टकटक करायची. एका खोलीत, एका बाकावर, भिंतीकडे तोंड करून दोघांनी अशी एकतीस वर्षे काढली. लग्न दोघांनीही केले नाही. वेलांटीरावांना कोणी कारण विचारले तर ते म्हणत, "राहिलं." एखादे पान छापायचे राहून जावे तसे.

निवृत्तीनंतर बाई दुसऱ्या गावी भाचीकडे राहायला गेल्या. दर रविवारी सकाळी दहाला वेलांटीराव फोन करत. दोघांचे गुडघे आणि दोन्ही गावांची हवा असे चार विषय होते, ते चार मिनिटांत संपत. मग एका रविवारी बाई म्हणाल्या, "शोधक, तुमचा एक फोटो पाठवा की."

त्या यांना शोधक म्हणत. मुद्रितशोधकातला मुद्रित त्यांनी पहिल्याच वर्षी गाळला होता.

"फोटो? माझा? कशाला?"

"एकतीस वर्षं शेजारी बसून मी तुमचा उजवा कान तेवढा पाहिलाय. अख्खा चेहरा कसा होता, आठवतच नाही. आणि जरा लवकर पाठवा."

'लवकर' हा शब्द वेलांटीरावांनी सौजन्य म्हणून घेतला. तिथेच घोटाळा झाला.

स्टुडिओत गेले असते तर प्रश्नच मिटला असता. पण स्टुडिओतल्या फोटोत माणूस नुकताच पकडलेल्या पाकीटमारासारखा दिसतो, असे त्यांचे मत होते. बाईंसाठी फोटो नीट हवा, आपला आपण काढलेला हवा. म्हणून ते कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणजे पोट काउंटरवर टेकवून बोलणारा शांत गृहस्थ. त्याने दोन डिजिटल कॅमेरे पुढे ठेवले. एक काळ्या खोक्यातला, एक निळ्या खोक्यातला. दोन कंपन्या, आकार सारखा, किंमत सारखी.

"यातला चांगला कुठला?"

"दोन्ही चांगले, काका."

"दोन्ही चांगले असते तर दोन कंपन्या कशाला निघाल्या असत्या?"

दुकानदाराने बावीस वर्षे कॅमेरे विकले होते, पण हा प्रश्न त्याला कोणी विचारला नव्हता. त्याने दोन्ही कंपन्यांची मराठी माहितीपत्रके काढून दिली. "घरी नेऊन निवांत वाचा," असे तो म्हणाला आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

चार दिवसांनी वेलांटीराव दोन्ही पत्रके लाल करून परत आले. "काळ्या कंपनीच्या चार चुका आहेत. निळ्याच्या सतरा! ज्यांना 'छायाचित्र' लिहिता येत नाही ते छायाचित्र काय काढणार? आणि हे बघा. 'हा कॅमेरा आसू ओळखून आपोआप फोटो काढतो.' हा कॅमेरा आहे की मर्तिकाला आलेला न्हावी? बसलाय माणूस रडायची वाट बघत!"

"काका, ते हसू आहे हो. हसू ओळखतो."

"मला कळतं. त्यांना कळतं का?"

"मग काळा घ्या."

"पण निळ्याचे मेगापिक्सल जास्त आहेत म्हणता."

"मग निळा घ्या."

"सतरा चुका?"

दर दोन-तीन दिवसांनी हा संवाद होऊ लागला. दुकानदाराने त्यांच्यासाठी एक स्टूल वेगळे काढून ठेवले. ते एखाद्या दिवशी आले नाहीत की तोच गिऱ्हाइकाला म्हणे, "आमचे न्यायाधीश आज रजेवर दिसतात." लोक वधूवरांच्या पत्रिका जुळवतात तसे वेलांटीराव कॅमेऱ्यांचे गुण जुळवत होते आणि लग्न काही ठरत नव्हते. असे दोन महिने गेले.

दर रविवारी बाई विचारत, "घेतला का?"

"निर्णय एकट्याने व्हायचा नाही, बाई. मला वाचून दाखवणारं कोणी नाही ना."

हे त्यांच्या तोंडून सहज निघाले. बाई म्हणाल्या, "मग पाठवा पत्रकं. मी वाचते, तुम्ही ताडून बघा."

वेलांटीरावांनी दुकानातून नवी कोरी जोडी मागून घेतली आणि टपालाने पाठवली. आठ दिवस त्यांनी जेवणाच्या टेबलावर पेन्सिली टोकदार करून मांडून ठेवल्या. रविवारी साडेनऊलाच खुर्ची ओढली, दहाला फोन लावला. बाईंनी निळे पत्रक सुरू केले. तोच आवाज, तेच स्वल्पविराम. वेलांटीराव पेन्सिल फिरवू लागले आणि त्या रिकाम्या घराला एकदम छापखान्याची कळा आली.

वाचन तिसऱ्या ओळीशी आले. त्या ओळीत पहिली चूक होती. ओळखीचे माणूस वळणावर भेटावे तशी ते तिची वाट पाहत होते. बाई पुढे निघून गेल्या. दुसरी चूक गेली. सातवी गेली. टकटक नाही. मग ती ओळ आली.

"हा कॅमेरा हसू ओळखून आपोआप फोटो काढतो पूर्णविराम."

वेलांटीरावांची पेन्सिल थांबली. छापले होते 'आसू', आणि बाईंनी 'हसू' वाचले होते. एकतीस वर्षांत बाईंनी समोर नसलेला शब्द कधी वाचला नव्हता.

"शोधक? ऐकताय ना?"

"ऐकतोय. वाचा तुम्ही."

बाईंनी सतराच्या सतरा चुका दुरुस्त करून पत्रक संपवले. "फार सुंदर आहे हो मजकूर," असेही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी त्यांनी कधी फोन केला नव्हता. त्या दिवशी केला, तो भाचीने उचलला.

"मावशी अंघोळीला गेलीये. काका, तुमच्या त्या पत्रकानं आमचा जीव घेतला हो! आठवडाभर रोज सकाळी मला चार-चारदा वाचायला लावलं आणि पाठ केलं. शाळेतली पोरंसुद्धा इतकं करत नाहीत." मग तिचा आवाज खाली आला. "सांगू नको म्हणालीये. तिला आता मधलं दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. महिन्याभरात फार वाढलं. डॉक्टर म्हणाले होतेच, काय बघायचं ते बघून घ्या."

वेलांटीरावांनी विचारले, "मोठं असलं तर दिसतं का?"

"खूप मोठं असलं तर, कधीकधी. ज्या त्या दिवसावर आहे."

अकराला दुकान उघडले तेव्हा ते पायरीवर उभे होते.

"कुठल्याचा फोटो जास्त मोठा निघतो?"

"निळ्याचा. पण काका, सतरा..."

"निळा द्या."

दुकानदाराने खोके बांधले. दोन-अडीच महिन्यांचे भांडण एका वाक्यात मिटलेले पाहून त्यालाच चुकल्याचुकल्यासारखे झाले. "स्टूल राहू दे ना?" त्याने विचारले. वेलांटीराव हो म्हणाले, पण त्यांचे लक्ष नव्हते.

घरी त्यांनी शब्दकोशांच्या थप्पीवर कॅमेरा ठेवला. बटण दाबल्यावर दहा सेकंदांत खुर्चीत जाऊन बसायचे होते. पहिल्या फोटोत नुसती खुर्ची आली, दुसऱ्यात बसायला निघालेली पाठ. सातव्यात ते बसलेले सापडले, पण चष्म्याच्या काचांवर प्रकाश असा चमकला होता की डोळ्यांच्या जागी मोटारीचे दिवे. शेवटी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला, धूसर दिसणाऱ्या कॅमेऱ्याकडे अंदाजाने तोंड केले आणि हसले. आसू ओळखणाऱ्या कॅमेऱ्याने हसू बरोबर ओळखले.

तो फोटो त्यांनी दाराच्या निम्म्या उंचीचा करून घेतला. स्वतःचा एवढा मोठा चेहरा त्यांनीही प्रथमच पाहिला. हात पेन्सिलीकडे गेला होता, पण दुरुस्तीची वेळ निघून गेली आहे हे त्यांच्या लक्षात आले. गुंडाळी करून नळकांड्यात घालून त्यांनी फोटो पाठवला आणि टपाल कचेरीत पत्ता तीनदा तपासला.

रविवारी फोन वाजला तो दहाच्या आधी. या खेपेला बाईंनी केला होता.

"पोचला हो फोटो! भाचीनं खिडकीपाशी लावलाय. एवढा मोठा? माणूस आहात की जाहिरात?"

"नीट आलाय का?"

"छान आलाय. मी मघापासून समोरच बसलेय."

"बरं."

"अगदी तसेच आहात. केस गेलेत, ते जाणारच. पण चष्मा मात्र अजून तोच, काळ्या काडीचा. बदलला नाहीत?"

वेलांटीराव फोन धरून उभे होते. चष्मा नाकावर होता, दोन वर्षांपूर्वी घेतलेला, सोनेरी काडीचा.

"नाही," ते म्हणाले. "तोच आहे. कशाला बदलायचा?"

"तेच म्हटलं." बाईंचा आवाज समाधानी होता. कॅमेरा घेऊन झाला होता, फोटो पोचला होता, गुडघे आणि हवा बोलून झाली होती. "मग आता?" त्यांनी विचारले.

वेलांटीरावांनी वर पाहिले. पंखा बिनतक्रार फिरत होता.

"पंखा घ्यावा म्हणतो," ते म्हणाले. "दोन कंपन्या आहेत."

"मग पत्रकं पाठवा," बाई घाईने म्हणाल्या. "मी वाचून दाखवते."

"उद्याच पाठवतो," वेलांटीराव म्हणाले.