मेलेल्या भुंग्याचा भाव

त्या उन्हाळ्याच्या शेवटी आम्ही उकिरडा उपसायला घेतला होता. वाटूरपासून थोडी आत आमची शेतातली वस्ती. लेक शिकायला जालन्याला, त्यामुळं घरात तिघंच: मी, आमचे हे आणि माझे सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते, हे दादा म्हणतात. उभा जन्म त्यांनी मेंढरांमागं काढला. गुडघ्यांनी दगा दिल्यावर कळप विकला आणि करमत नाही म्हणून चार शेळ्या ठेवल्या.

खत ट्रॉलीत भरताना ह्यांच्या फावड्याखालून एक भुंगा निघाला. अंगठ्याएवढा जाड, तेल चोपडल्यासारखा काळाभोर, आणि डोक्यावर मागं वळलेलं शिंग. हे फावडं टाकून तिथंच उकिडवे बसले.

"अगं, हा तर त्या व्हिडिओतला," ते म्हणाले.

आदल्या आठवड्यात ह्यांच्या मोबाइलवर एक व्हिडिओ आला होता. परदेशातले हौशी लोक दुर्मीळ भुंगे जमवतात, काचेच्या पेटीत ओळीनं मांडून ठेवतात आणि एकेकासाठी चारचाकीची किंमत मोजतात, असं त्यात सांगितलं होतं. मी तेव्हा हसले होते. आता मात्र मीसुद्धा वाकून बघायला लागले.

मामांनी भुंगा तळहातावर घेतला. त्यानं पाय रोवून असं काही ढकललं की मामांचं बोट बाजूला झालं. "जोर हाय गड्यात," ते म्हणाले, आणि घरात जाऊन लोणच्याची रिकामी बरणी घेऊन आले. झाकणाला भोकं पाडली, तळाला ओलं खत घातलं, वर केळाची चकती ठेवली.

पुढचे काही दिवस आमच्या ओसरीवर राबता सुरू झाला. आजूबाजूच्या वस्त्यांवरची माणसं भुंगा बघायला येत, मामा बरणी उन्हाला धरून दाखवत, मी चहा टाकत राही. एरवी आमच्याकडं कोण येतंय? मामांना इतकं बोलताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. सकाळी शेळ्यांच्या आधी ते बरणी उघडत, जुनी चकती काढून नवी ठेवत. "आंबा बराबर खातो ह्यो," त्यांनी एकदा मला सांगितलं, "केळाचा कंटाळा आलाय त्याला."

इकडं ह्यांनी बरणीबाहेरूनच भुंग्याचा धूसर फोटो काढून एका ग्रुपवर टाकला होता. एका दुपारी मी शिलाई मशिनवर बसले असताना फोन आला. संग्राहकांसाठी माल घेणारा माणूस होता, हिंदीत बोलत होता. ह्यांनी फोन स्पीकरवर ठेवला. त्यानं आधी भाव सांगितला. तो ऐकून माझा पाय मशिनच्या पायडलवरच थांबला. मग अटी सांगितल्या. सहाच्या सहा पाय शाबूत पाहिजेत. शिंगाला ओरखडा नको. जिवंत पाठवायचा नाही. औषधाचा बोळा ठेवून डब्यात बंद करायचा, मेला की पाठीतून सुई घालायची आणि पाय सारखे पसरून वाळवायचा. आणि त्याआधी मापासाठी शेजारी पट्टी ठेवून एक स्वच्छ फोटो पाठवा, म्हणाला.

फोन बंद झाल्यावर मामांनी विचारलं, "मारून मागतो का?"

"हो दादा. त्यांच्यात तसंच असतं."

"मेल्यावर एवढा पैसा, आन् जित्याला?"

"जित्याला काहीच न्हाई."

"मंग न्हाई द्यायचा," मामा म्हणाले.

ह्यांनी समजावून पाहिलं. मेंढरं विकलीच की तुम्ही खाटकाला, असंही बोलून गेले. मामा शांतपणे म्हणाले, "विकली. लोकांनी खाल्ली, पोट भरलं. ह्याला निस्तं बघायला मारायचं, तर जिता बघा की. मी रोज बघून राह्यलो."

मला दोघांचंही पटत होतं, म्हणून मी परत शिलाईला बसले. संध्याकाळी मात्र मी माझ्या भावाला भुंग्याचा फोटो पाठवून फोन लावला. तो अंबडला शिक्षक आहे. तो म्हणाला, "ताई, असे किडे परवानगीशिवाय परदेशात पाठवणं गुन्हा आहे. अन् हा भुंगा नारळाचा शेंडा पोखरतो, एवढं लक्षात ठेव." मी ते जेवताना दोघांना सांगितलं. ह्यांचा चेहरा पडला, पण तोवर पट्टी ठेवून काढलेला फोटो त्यांनी पाठवूनही टाकला होता.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ह्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं: हा साधा गेंडाभुंगा, उकिरड्यात कुठंही सापडतो, ह्याला कोणी विचारत नाही. त्यांना हवा तो वेगळा, हरणाच्या शिंगांसारखे जबडे असलेला.

आधी मामांचे खांदे हसण्यानं हलायला लागले, मागोमाग आम्हालाही हसू फुटलं.

"फुकटच भांडलो की दादा," हे म्हणाले.

"आन् त्यानं हाच तो म्हणलं असतं तर?"

"तर तुम्हाला विचारलं असतं."

"आन् मी न्हाई म्हणलं असतं."

"ते माहीत होतं मला," हे म्हणाले आणि बरणी पुसून मामांच्या हातात दिली.

आमच्या परड्यात दोन नारळ आहेत, त्यामुळं भुंगा तिथं सोडायची सोय नव्हती. मामा शेळ्या आणि बरणी घेऊन ओढ्याकडं निघाले. तिकडं शिंदीची, म्हणजे रानखजुरीची झाडं आहेत, त्यांवर त्याचं भागलं असतं. ह्या खेपेस हेही त्यांच्यासोबत गेले. परत आले तेव्हा बरणी रिकामी होती आणि दोघं कुठल्यातरी जुन्या मेंढ्याच्या झुंजीबद्दल बोलत होते. मी भाकरी थापायला घेतल्या. त्यांचं बोलणं जेवण होईपर्यंत चाललं होतं.