पडवीला नंबर नव्हता

"महाराच्या पोराला येतं, तुम्हाला येत नाही? जीव द्या जाऊन."

मास्तर वर्गाला बोलत होते. उत्तर मी दिलं होतं, पडवीतून. छडी आतल्या पोरांच्या हातावर पडली. शिवी मात्र माझी होती.

आमच्या रेवदंड्याकडच्या त्या शाळेत पोरं नंबराने बसायची. ज्याला उत्तर येईल त्याने उठायचं आणि चुकलेल्यांच्या वरच्या नंबरावर जाऊन बसायचं. रोज उलथापालथ. सकाळी शेवटी बसलेला पोरगा दुपारी पहिला असायचा. मी रोज दाराबाहेर, घरून आणलेल्या गोणपाटावर. पडवीला नंबरच नव्हता.

मास्तरांना माझी हुशारी दिसली नाही, असं कोणी म्हणू नये. सगळ्यांत आधी त्यांनीच ती ओळखली. वर्ग अडला की ते दाराकडे बघायचे. मला वाटायचं, हे कौतुक आहे. हुरळून जायचो, घरी आयेला सांगायचो. पुढे कळलं, मी त्यांची दुसरी छडी होतो. काम झालं की कोपऱ्यात.

एकदा शाळा तपासायला दिपोटी साहेब आले. त्यांनी औटकी विचारली, साडेतीनचा पाढा. एकालाही येईना. मास्तरांना घाम फुटला. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"सांग रे."

मी उभा राहिलो.

"येते मास्तर. आधी माझा नंबर द्या."

आत कोणीतरी फिदीफिदी हसलं. दिपोटी खिडकीबाहेर बघू लागले. ते गेल्यावर मास्तरांनी माझी पाटी छडीनेच अंगणात ढकलली. माज चढलाय म्हणाले. माफी मागितल्याशिवाय इकडे फिरकायचं नाही.

बा मुंबईला गोदीत. आये एकटी. ती रडायला लागली.

"माफी माग रं पोरा. शिकायचं हाय ना तुला?"

शिकायचं होतं. फार शिकायचं होतं.

"न्हाय मागणार," मी म्हणालो.

सकाळी पाटी घेऊन निघालो. पडवीत थांबलो नाही. उंबरा ओलांडला, आत गेलो आणि पहिल्या जागेवर जाऊन बसलो. शेजारची पोरं अंग चोरून लांब सरकली. मास्तर तरातरा आले. ओरडले, आणि हातभर अंतरावर थांबले. छडी पाठीवर बसत राहिली. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही.

मारा. मला बाहेर काढायचं तर हात धरून काढावं लागेल. मला शिवावं लागेल. शिवा. मी आपण होऊन उठणार नाही.