चप्पू अलीकडे बांधलेला होता

माझ्या माहेरी जायचं तर सिरसाळ्यातल्या माझ्या घरून आधी जीप, मग पाणंदीतून चालणं आणि शेवटी चप्पू. चप्पू म्हणजे थर्माकोलचे ठोकळे फळ्यांखाली बांधून केलेला तराफा. दोन्ही काठांच्या बाभळींना जाड दोर ताणून बांधलेला आहे. चप्पूवर बसायचं आणि तो दोर हातांनी ओढत पलीकडे जायचं. धरण झालं तेव्हा गाव पाण्याखाली गेलं, लोक पुनर्वसनात गेले. आमचं उंचावरचं शेत तेवढं बेट होऊन उरलं, आणि त्या बेटावर माझे वडील, आबा. आई गेल्यापासून तर एकटेच.

मी तरी कुठं गोतावळ्यात आहे? नवरा गेला, मुलगा पुण्याला नोकरीला. दिवसभर टीव्ही चालू ठेवते, नाहीतर घर अंगावर येतं. आबांना दर वेळी म्हणते, माझ्याकडं राहायला चला. त्यांचं उत्तर ठरलेलं, “लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नसतं.” नातू झाला की हा नेम सुटतो, हे लहान पोरालाही माहीत आहे. नातवाला मिशा फुटल्या तरी आबांचा नेम सुटला नाही. माणूस हट्टी असावा, पण किती!

नागपंचमीला लेकीला न्यायला माहेराहून मुराळी येतो. मला भाऊ नाही. आबा चप्पू घेऊन काठापर्यंत येतात, तोच माझा मुराळी. गेल्या दिवाळीत मी चिडून बोलले होते, “सगळ्यांच्या दारात मुराळी येतात. माझ्या दारात कोण येतंय?”

यंदा पंचमीच्या आदल्या दिवशी काठावर पोचले, तर चप्पू अलीकडच्या काठालाच बांधलेला. आबांचा पत्ता नाही. हाका मारल्या, पण कुणी ओ दिली नाही. मग बघितलं, गाठ व्यवस्थित मारलेली होती, त्यांच्या हातची. बाजारला गेले असतील, हाक मारली की आणायला येईन म्हणून मीच दोर ओढायला घेतला. तळहात सोलून निघाले.

घराला नुसती कडी होती. अंगण सारवलेलं, आणि लिंबाला नव्याकोऱ्या दोराचा झोका. एकेकाळी पंचमीला इथं झोक्यासाठी पोरींची भांडणं व्हायची. आता पन्नाशीच्या एका लेकीसाठी म्हाताऱ्यानं एकट्यानं तो बांधला होता, आणि मागून ढकलायलाही अख्ख्या बेटावर दुसरं माणूस नव्हतं. मला रडू आलं. पोटभर रडले, बघायला कोण होतं!

बेटावर रेंज येते ती त्या लिंबाखालीच. तिथंच फोन वाजला. माझी शेजारीण होती. तिला सगळी गल्ली चाची म्हणते, माझ्या घराची एक किल्ली तिच्याकडं असते.

“अगं, तुझे अब्बा दारात बसलेत. मुराळी म्हणून आलो म्हणतात. घर उघडून दिलं तर आत येत न्हाईत, पाणी दिलं तर घेत न्हाईत. उन्हात बसलेत नुसते.”

म्हणजे आमच्या दोघांच्या जीपा वाटेत कुठंतरी एकमेकींच्या शेजारून गेल्या होत्या. हसावं की कपाळ बडवावं, कळेना. चाचीनं फोन त्यांच्याकडं दिला.

“आबा, आदी कळवायचं तरी!”

“मुराळी काय सांगून येतो? थांब तितंच, मी निघतो माघारी.”

“चप्पू मी इकडं आणलाय. तुमी येणार कसे?”

ते म्हणाले, “तर मग घिऊन ये काठाला.”

मी पाण्याकडं पाहिलं. ताटात ठेवल्यासारखं निवांत होतं. लिंबाचं पान हलत नव्हतं.

“वारा लई सुटलाय, आबा. चप्पू उलटंल. उद्याच्याला येते.”

सपशेल खोटं, आणि तेही जन्म पाण्याकाठी काढलेल्या माणसाला.

“इतं तर पान बी हालंना,” आबा म्हणाले. “पर पाण्यावर आसंल वारा. नको येऊस. एकटीला भ्या वाटंल का गं?”

“तुमाला वाटतं का?”

“वाटतं की.”

इतक्या वर्षांत हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. आबा चाचीला म्हणाले, पाणी द्या. माझ्या माठावरचं झाकण सरकल्याचं ऐकू आलं, मग त्यांचा घोट घेतल्याचा आवाज.

“उद्या पंचमी,” ते म्हणाले, “चुलीवर तवा ठिवायचा न्हाई. आजच भाकरी करून ठिवतो, तुझ्या बी. पीठ कुठं ठिवतीस, माय?”