दार वाजवून थांबणारा

जुना बंगला, गेलेली वीज, दाराबाहेर एक देखणा माणूस, आणि खून त्यानेच केला असावा असा निम्म्या गावाला संशय. एवढं असलं की माझी दुपार सोन्याची. प्रेम आणि रहस्य एकत्र असलेल्या असल्या कादंबऱ्या मी कॉलेजपासून वाचते आणि मुखपृष्ठ लपवत नाही. मी शिकवते त्या शाळेतल्या एक बाई एकदा म्हणाल्या, "आपण मराठी घेऊन एम. ए. केलंय ना?" मी म्हटलं, "हो, म्हणूनच भरभर वाचता येतं." नंतर त्यांनी विषय काढला नाही.

मी कोथरूडच्या सोसायटीत वाढलेली, लग्न होऊन धायरीला आले. सासरे गेले आणि पाठोपाठ सासूबाईंची नजर अधू झाली. पोथीतली अक्षरं दिसेनात. सकाळची शाळा आटपून आले की मी त्यांना वाचून दाखवायचे. एक पोथी संपली, दुसरी आणायची राहिली होती, तेव्हा त्या म्हणाल्या, "तू येकटीच हसत काय वाचती, ते वाच की." मी वाचलं, पण त्यांना काही उमजेना. म्हणाल्या, "अशी घाईनं नगं. चालीत वाच."

मग मी कादंबरी पोथीच्या चालीत वाचू लागले. मी पाटावर, समोर सासूबाई सवयीने हात जोडून. पोलिसांचा पंचनामासुद्धा चालीत. कादंबरीतला नायक त्यांना पहिल्याच दिवशी पसंत पडला. मला वाटलं, रूपावर भाळल्या.

श्रावणात एका दुपारी दार उघडंच होतं. माझी नणंद, मार्केट यार्डात गाळा असलेल्या घरात दिलेली, भावकीतल्या दोघींना घेऊन आली. माझी चाल ऐकून तिघींनी चपला बाहेर काढल्या, जमिनीला डोकं टेकवलं आणि मुकाट्याने बसल्या. मी थांबायला हवं होतं. पण अध्याय अर्धवट सोडायचा नाही ही सासूबाईंचीच शिस्त. मी वाचत राहिले. नायिका अंधारात एकटी, बाहेर तो, पावसात भिजलेला. भावकीतली एक तर मान डोलवत होती. त्याने तिचा हात हातात घेतला तेव्हा नणंदेने विचारलं, "वहिनी, कुठला अध्याय हाय ह्यो?"

"सातवा," मी म्हटलं.

तिने पुस्तक ओढून घेतलं आणि मुखपृष्ठ पाहून लालबुंद झाली. "श्रावणात? आईला? ह्या वयात असलं घाणेरडं? तुमाला जमत नसंल तर मी आजच आईला घेऊन जाते. आमच्याकडं पोथी होईल रोज." भावकीतल्या दोघी हळूच दाराबाहेरच्या चपलांकडे बघू लागल्या. मला लाज वाटली नाही, राग आला. म्हटलं, "यात घाणेरडं काय आहे ते पान काढून दाखवा, ताई." आणि हात पुढे केला. पुस्तक माझं होतं, दुपार आम्हा दोघींची होती, आणि जायचं की नाही हे सासूबाईंनी सांगायचं होतं.

"मी कुठं जात न्हाय," सासूबाई म्हणाल्या. जोडलेले हात त्यांनी अजून सोडले नव्हते. "त्यो गडी खुनी हाय का न्हाय, मला ठावं न्हाय. पर दार वाजवून थांबतो. ती 'ये' म्हणंपतूर आत पाय ठेवत न्हाय. तुझ्या बापानं कवा दार वाजवलं न्हाय. मला कुणी 'येऊ का' म्हणून इचारलं न्हाय."

नणंद म्हणाली, "आई, चारचौघीत काय बोलतीस!"

"तुलाबी इचारलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "तू नगं म्हणत हुतीस. मीच हळद लावली."

नणंदेने पुस्तक माझ्या हातात दिलं, पण उठली नाही.

"वाच," सासूबाई मला म्हणाल्या. "आन् मोठ्यानं वाच. हिलाबी ऐकू दे."