संशयास्पद पाठांतर

देश अर्ज करून मिळत नाही, तो रक्तात असावा लागतो. हे वाक्य जयपूरच्या आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष दर गणपतीत माइकवरून म्हणत. लष्करातून कर्नल होऊन निवृत्त झालेला माणूस. जन्म अंबाल्याचा, शिक्षण जबलपूरचं. पुण्याला ते एकदाच गेले होते, मुलीच्या लग्नासाठी, आणि तिथलं पाणी त्यांना बाधलं होतं.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवत होतो आणि मंडळाचा सचिव होतो, कारण ज्या बैठकीला मी गेलो नव्हतो तिच्यात माझी निवड झाली होती. मालवीय नगरात आमच्या शेजारी एक निवृत्त ऑडिटर राहत. फाळणीच्या वेळी ते कराचीतल्या मराठी घरातून शिकायला म्हणून इकडे आले. थोरली बहीण तिथेच लग्न होऊन राहिली होती, नवरा तिथल्या गोदीत नोकरीला. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली. ऑडिटरांच्या मुलांमुळे सगळी कॉलनी तिला आत्या म्हणे.

भारतीय नागरिकत्वाच्या अर्जासोबत तिचा पाकिस्तानी पासपोर्ट जमा करून घेतला होता. तो जमा झाला तसं तिकडच्या देशाने तिला खोडलं. इकडचा देश चौकशी झाल्यावर लिहून घेणार होता. चौकशी काही वर्षं चालूच होती. मी वर्गात नागरिकाची व्याख्या सांगत असे आणि परकीयाची व्याख्या सांगत असे. आत्या त्या दोहोंच्या मधल्या जागेत राहत होती आणि सकाळी आमच्याकडे कोथिंबीर मागायला येई. शहराबाहेर पाऊल टाकायचं तर तिला पोलिसांची परवानगी लागे.

कॉलनीचं तिच्यावर बारीक लक्ष होतं. ही दुपारभर गच्चीत बसून आकाशाकडे का बघते, यावर बरीच चर्चा झाली, कारण विमानतळ जवळ होता. ती पापडांवरचे कावळे हाकत होती.

एक दिवस चौकशीचा माणूस माझ्याकडे आला. कपडे साधे, बूट पोलिसाचे.

"प्रोफेसर साहब, आप तो मराठी हैं. ये माताजी सचमुच मराठी हैं, या सिखाकर भेजी गई हैं? आपका मंडल लिखकर दे दे तो फाइल आगे बढ़े."

"आणि नाही दिलं तर?"

"वापस."

"कुठे वापस? पासपोर्ट तर तुमच्याकडे आहे."

"वो दूसरा विभाग देखता है," तो म्हणाला आणि चहाचा कप पुढे ओढला.

मी हे अध्यक्षांना सांगितलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली: असा दाखला देता येणार नाही. आधी परीक्षा घ्यायची, गणपतीच्या आरतीला बाईंना पुढे उभं करायचं.

आमच्या मंडळाची आरती अशी चाले: पहिलं कडवं सगळे गर्जून म्हणत, दुसऱ्यातले ओळींचे शेवट तेवढे ऐकू येत, तिसऱ्यात टाळ्यांचा जोर वाढे. हिंदी शाळेत जाणारी मुलं फक्त ध्रुवपदाला सामील होत. आत्या पुढे उभी राहिली आणि तिने तिन्ही कडवी म्हटली. मग शंकराची, मग देवीची, मग विठोबाची, आणि न अडखळता शेवटपर्यंत मंत्रपुष्पांजली. देवीपर्यंत लोकांचा ठेका चुकला आणि टाळ्याही बंद पडल्या. नंतर तिचा एकटीचाच आवाज होता.

अध्यक्षांनी मला चपलांपाशी गाठलं.

"पाहिलंत?"

"पाहिलं. देऊन टाकू दाखला."

"कसला दाखला? खऱ्या मराठी माणसाला इतकं पाठ असतं? मला येतं? तुम्हाला येतं?"

"नाही."

"मग? तयार करून पाठवलीय बाईला."

मी हसलो. पण संशयाला तर्काची फारशी गरज नसते, आणि मलाही तो थोडा चिकटला. दुसऱ्या दिवशी ती कोथिंबिरीला आली तेव्हा मी सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, "आत्या, एवढं सगळं पाठ कसं हो?"

"तुझ्या अध्यक्षांनी विचारायला सांगितलंय?"

"नाही, मीच विचारतोय."

"मग तर जास्तच वाईट." तिने काड्या निवडायला घेतल्या. "तिथं आमची चार घरं होती. आपण अडलो तर मागचा म्हणेल म्हणावं, तर मागे कोणी नसायचं. तुम्ही इथं एवढी माणसं जमता, तुम्हाला पाठ करून काय करायचंय? त्यांना सांग, पुढच्या वेळी मी तिसऱ्या कडव्याला खोकेन."

मी अध्यक्षांना म्हटलं, शिकवून पाठवली असती तर आपल्यासारखी म्हणायला शिकवली असती. त्यांनी आवाज खाली आणला. "म्हणजे आपण कसे म्हणतो तेही त्यांना ठाऊक आहे, असं तुमचं म्हणणं?" त्यांनी दाखल्यावर सही केली नाही. शेवटी सचिव म्हणून मी केली. 'सदर महिला मराठी असल्याचे दिसते,' असं मी लिहिलं होतं. चौकशीच्या माणसाने कागद परत केला. दिसतं तर सगळंच, म्हणाला, ठाम लिहा. मी ठाम लिहिलं. महिन्याभराने माझ्या घरमालकाकडे माझी चौकशी झाली.

पुढच्या उन्हाळ्यात मंजुरी आली. आत्या ठेवणीतलं नऊवारी नेसून कलेक्टर कचेरीत गेली. ऑडिटर कोट घालून, मी इस्त्रीच्या शर्टात. अध्यक्षही आले, छातीवर पदकं आणि खिशात भाषण. निष्ठेची शपथ व्हायची होती. कलेक्टरसाहेब दौऱ्यावर गेले होते. बाबूने प्रमाणपत्र टेबलावरून सरकवलं.

"आणि शपथ?" अध्यक्षांनी विचारलं.

बाबूने फाइल मागे, आणखी मागे चाळली. शपथेचा मजकूर अर्जातच छापलेला होता, खाली आत्याची सही होती. "शपथ तो माताजी ले चुकी हैं," तो म्हणाला, "जिस दिन अर्ज़ी दी थी, उसी दिन."

मग कचेरीची जेवणाची सुट्टी झाली आणि शिपायाने पंखे बंद केले.