चिमणचा रिकामा खांदा

झरीच्या पाड्यावर गाडी चढत नाही. आजारी माणूस सडकेपर्यंत बांबूला कांबळं बांधून केलेल्या झोळीतून जायचा, आणि झोळीचा पुढचा खांदा चिमणचा. बाळंतिणी, तापकरी, बाजारातून झिंगून आलेले, सगळे त्याच्या कांबळ्यात झुललेले. बांबूनं खांद्यावर घट्टा पडला होता.

उपकेंद्राची नर्स संगिता एकदा सभेत म्हणाली, "उंचावरनं पडलेल्याला झोळीत घालू नका. पाठ वाकते, आतली नस दुखावली तर पाय कायमचे जातात. सपाट फळीवर न्या."

"सपाट तिरडी असते, बाई. जित्याला झोळीच," चिमण म्हणाला. सभा हसली, संगिताही.

पुढं त्याचा पुतण्या देवजी ताडी उतरवताना झाडाच्या निम्म्यावरून पडला. चिमण कांबळं घेऊन पोचला तेव्हा बांबू तयार होता. देवजी शुद्धीवर होता.

"काका, कंबर धरलीय. पायाला मुंग्या आल्यात."

गाठ मारता मारता चिमणचा हात थांबला.

"बांबू ठेवा बाजूला. भिके, घराचं दार काढ."

"दार?" देवजीची बायको भिकी म्हणाली. "कुत्री शिरतील, कोंबड्या खातील."

"नवरा उभा पायजे का कोंबड्या?"

"दोन्ही," म्हणत ती कोयता घेऊन बिजागरीला भिडली.

चिमणनं देवजीचं डोकं दोन्ही हातांत धरलं. त्याच्या हाकेसरशी सगळ्यांनी देवजीला ओंडक्यासारखं एका अंगानं वळवलं, खाली दार सरकवलं. मान हलू नये म्हणून दोन्हीकडं लुगड्याच्या गुंडाळ्या लावल्या. कुणी ताडीचा घोट पुढं केला.

"काय पाजायचं नाय," चिमण म्हणाला.

दार उचललं हातांनी. चिमण नुसता डोक्याशी, "हळू, खड्डा हाय," म्हणत.

"काका, आज तू मुकादम," दाराचा एक कोपरा धरलेला शुक्रा म्हणाला.

"गप. पायाखाली बघ."

सडकेवर एकशेआठ रुग्णवाहिकेच्या डॉक्टरनं देवजीच्या अंगठ्याला टाचणी लावली. देवजीनं सणसणीत शिवी घातली.

"लागतंय ना? मग बरंय," डॉक्टर म्हणाला. पुन्हा हलवायला नको म्हणून त्याला दारासकट गाडीत घेतलं.

दार काही परत आलं नाही. उघड्या चौकटीत चिमणनं आपलं कांबळं टांगून दिलं.

भात कापणीला आलं तेव्हा देवजी कमरेला पट्टा बांधून दवाखान्यातून पाड्यावर परतला. चिमण धरायला धावला. देवजीनं त्याचा हात बाजूला केला, कांबळं सारलं आणि आपल्या पायांनी घरात गेला.