ड्राइव्हवेतली इटली

पडदा वर जातो तेव्हा समोर ॲन आर्बर या अमेरिकन शहरातली बर्फाने पांढरी झालेली एक गल्ली असते. डावीकडे लाकडी घर, उजवीकडे घरापुढच्या ड्राइव्हवेत उभी एक जुनी मोटरहोम, चाकांवरचं घरच. टपावर वीतभर बर्फ, इंजिन मात्र चालू. आत स्टिअरिंगवर मफलर गुंडाळलेला त्र्यंबक, शेजारी मांडीवर शाल घेतलेली त्याची बायको पद्मजा, आणि दोघांच्या पायाशी त्यांची म्हातारी कुत्री, राणी. साल एकोणीसशे सत्याऐंशी. गाडी जागची हलत नाही, आणि तरी ती इटलीतून चालली आहे.

“सिएना अजून किती लांब हो?”

“हा डोंगर उतरलो की आलंच.”

“आणि बंड्या कुठाय?”

बंड्या, राणीचा जोडीदार, गेल्या साली मेला. मागच्या अंगणात सफरचंदाच्या झाडाखाली दोघांनी मिळूनच त्याला पुरलं होतं.

“मागे झोपलाय,” त्र्यंबक म्हणाला.

पद्मजाची आठवण अशी तुकड्यातुकड्याने गळत चालली होती. एके काळी मात्र अख्खं मराठी मंडळ तिच्या आठवणीवर उभं असायचं. गणपतीतल्या नाटकात तिने कधी तोंडाला रंग लावला नाही. ती विंगेत स्टुलावर बसायची आणि नटांना वाक्यं पुरवायची. तिचा आवाज प्रेक्षकांत कुणाला ऐकू जायचा नाही, नटाच्या मात्र नेमका कानात पडायचा. त्र्यंबकचं तर तिच्यावाचून पानही हलत नसे. राजा होऊन भर दरबारात तलवार उपसायचा आणि गप्प! मग विंगेतून हळूच यायचं, “प्रधानजी, सैन्य कुठे आहे?” आणि त्यालाच जोडून, “अहो, मिशी सुटतेय.”

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात दोघं खरोखरच इटलीला गेली होती. कुत्र्यांना मागे ठेवायला पद्मजा तयार नव्हती, म्हणून दोन्ही कुत्रीही विमानातून आली. मिलानमध्ये मोटरहोम भाड्याने घेतली आणि सगळी महिनाभर भटकली. एका डोंगरगावात गाडी बोळात अडकली, तेव्हा एक आजीबाई खिडकीतल्या कुंड्या आत घेत इटालियनमध्ये शिव्या घालत होती आणि पद्मजा तिला साताऱ्याच्या मराठीत उत्तरं देत होती. दोघींचं भांडण इतकं रंगलं की शेवटी आजीबाईने टोमॅटो दिले.

लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही, ही पद्मजाच्या माहेरची रीत. इटलीत तिने ती गाडीच्या दारालाही लावली. संध्याकाळी फिरून आलं की नवरा आणि दोन कुत्री ओळीने उभी. ती ब्रेडचा तुकडा तिघांवरून ओवाळायची आणि लांब भिरकवायची. बंड्या आणि राणी धावत जाऊन तो फस्त करायची.

“दृष्टही यांचीच आणि चैनही यांचीच,” त्र्यंबक हसायचा.

“हसा! पण जिथे तुकडा ओवाळला, ते घर.”

परत आल्यावर त्यांनी तसलीच एक जुनी गाडी विकत घेतली. तीच ही, ड्राइव्हवेतली.

त्या जानेवारीत एका पहाटे पद्मजा सपाता घालून बंड्याला शोधायला बर्फात गेली. सापडली तेव्हा पायाची बोटं काळीनिळी पडली होती. दूरच्या हर्नडन गावाहून मुलगी रुपाली धावत आली.

“डॅड, यू कान्ट डू धिस अलोन.”

“करतोय ना मी.”

“लुक ॲट यू! तुम्ही झोपलात कधी शेवटचं?”

तासाभरावरच्या एका नर्सिंग होममध्ये जागा मिळाली. प्रश्न एवढाच, की तिला न्यायचं कसं? या मोटरहोमशिवाय ती दुसऱ्या गाडीत पाऊल ठेवत नव्हती. मग एका सकाळी राणीसकट ड्राइव्हवेतली इटली खरोखरच हलली. मागून रुपाली आपल्या गाडीने निघाली.

“आज छान चालवताय,” पद्मजा म्हणाली. त्र्यंबकने मान वळवली नाही.

दाराशी नर्स हसतमुखाने उभी होती. पण उंबऱ्याशी पद्मजा थबकली. रुपालीने दंड धरला, तशी तिने चौकटच घट्ट पकडली.

“मॉम, प्लीज!”

पद्मजा कशासाठी थांबलीय, ते एकट्या त्र्यंबकला कळलं. राणीसाठी ठेवलेला ब्रेड त्याच्या खिशात होता. हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. तुकडा ओवाळायचा, म्हणजे हे तिचं घर झालं. नाही ओवाळायचा, तर तिला ओढत आत न्यायचं.

त्याने तुकडा बाहेर काढला, तिच्यावरून ओवाळला आणि बर्फात टाकला. राणी लंगडत गेली आणि तिने तो खाल्ला. पद्मजाने चौकट सोडून पाऊल आत टाकलं.

आता फक्त एक वाक्य उरलं होतं. वाटभर त्याने ते घोकलं होतं: ‘हे सिएनाचं हॉटेल, मी गाडी लावून आलोच.’ पण राजाचं तोंड उघडेना. दरबार तटस्थ उभा. पद्मजा त्यानंतरही दोन हिवाळे जगली, पण त्र्यंबकशी कधी एक शब्द बोलली नाही. त्या दिवशी मात्र ती त्याच्या कानाशी वाकली आणि रुपालीलाही ऐकू जाणार नाही अशा त्या जुन्या आवाजात म्हणाली,

“अहो, तुकडा माझ्या एकटीवरूनच ओवाळलात. तुमचं घर तिकडेच आहे. जा आता, राणीला थंडी वाजतेय.”